ओहायोचं गिऱ्हाईक

उपेंद्रने त्याची लाल स्कायलाइन, म्हणजे त्याची जुनी जपानी गाडी, विकायला काढली आणि आमच्या घरात दोन माणसं दोन वेगळ्या कारणांनी खूश झाली. त्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला वाटत होतं, आलेल्या पैशातून इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळ स्वतःचं घर होणार. आणि आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना वाटत होतं, गाडी विकतोय म्हणजे लेक गाशा गुंडाळून इचलकरंजीला परत येणार. मी रोज म्हणायचे, "उपेंद्र, आण्णांना खरं काय ते सांग."

"ग्रँड होईल गं पूर्णिमा, सगळं. डील होऊ दे, मग सांगतो."

रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात अख्खी शिफ्ट हलवणारा हा माणूस बापासमोर मात्र भिजलेलं मांजर होतो.

आण्णा दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले, ते एकवीसचा एप्रिल उजाडला तरी इथेच. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्याच नव्हत्या. वर्षभर त्या तिकडे एकट्या होत्या. त्यांची आठवण झाली की ही लपवाछपवी मला सहन व्हायची नाही.

गाडी शहाण्णवची. पंचवीस वर्षं झाली की अशी परदेशी गाडी अमेरिकेत नेता येते म्हणे, आणि तिकडचे चाळिशीतले बाप्ये त्याचीच वाट बघत बसलेले. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये पळवलेली गाडी, पण त्यांच्या देशात ती कधी विकायलाच आली नाही. हौसेला मोल नसतं हेच खरं. ओहायोच्या गिऱ्हाइकाने व्हिडिओ कॉलवर उजवीकडचं स्टिअरिंग बघितलं आणि फक्त हात जोडायचे बाकी ठेवले. काचेवरचे जपानी तपासणीचे स्टिकर, मागे कुठल्याशा जपानी गॅरेजचं विटलेलं नाव, हे सगळं तो बोट दाखवून पुन्हा पुन्हा बघत होता. ही खुद्द जपानच्या रस्त्यावरची गाडी आहे, यातलं काही बदलू नका, असं त्याने बजावलं.

आण्णा मागे चहा पीत बसले होते. इंग्रजी त्यांना कळलं नाही, पण बोट दिसलं. ज्याने आयुष्यभर इचलकरंजीत जुन्या स्कूटर विकल्या त्याला एवढंच ठाऊक, की गिऱ्हाईक बोट ठेवतं ते खोडीवर.

शनिवारी सकाळी उपेंद्र कामावर आणि मी मीटिंगमध्ये. आण्णांनी साबणाचं कोमट पाणी आणि ब्लेड घेऊन सगळे स्टिकर खरवडून काढले. डॅशबोर्डला खोबरेल तेल चोळलं, चाकांना काळा रंग दिला. दुपारी उपेंद्र घाईने आला तो कॉल लावूनच, आणि त्याने कॅमेरा गाडीवर फिरवला. ओहायोचा माणूस पुढे वाकून काच बघू लागला. मग सॉरी म्हणाला आणि त्याने कॉल बंद केला.

"आण्णा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे?"

"अरं, त्यो बोट दावत हुता की. गाडी इकायची म्हंजे पोरगी दाखवल्यागत नटवाय पायजे."

"त्याला तेच स्टिकर हवे होते. गेलं आता घर हातातून."

"कुठलं घर?"

उपेंद्रने माझ्याकडे बघितलं. माझा संताप झाला होता; निदान हे तरी त्याने स्वतः बोलावं.

"कॅरिगलाइनचं," तो म्हणाला. "आम्ही इथेच राहणार आहोत, आण्णा."

आण्णांनी हातातल्या फडक्याने उगाचच बॉनेट पुसलं. "आसं व्हय," म्हणाले, आणि घरात जाऊन बसले. आम्हीही मागोमाग गेलो. तेवढ्यात त्यांच्या फोनवर सासूबाईंचा रोजचा व्हिडिओ कॉल आला. आण्णांनी तो घेतला नाही, फोन लेकाच्या हातात दिला.

पडद्यावर सासूबाई नव्हत्याच, नुसती एक फिकट निळी भिंत होती.

"उपा, वरची खोली रंगवून घेतली बघ," त्यांचा आवाज आला. "हे म्हणत हुते, गाडी गेली की तुमी निघताय. पूर्णिमाला इचार की, रंग बरा हाय का?"

उपेंद्रने बापाकडे बघितलं. आण्णा खाली बघत होते.

"छान आहे, आई," उपेंद्र म्हणाला.