नामदेवरावांची शिंक

मलकपेठेतल्या सरकारी क्वार्टरांत, पुढच्या ओळीत, एक घर होतं ते शिंकायचं. हसू नका, सगळ्या ओळीने ऐकलं होतं. त्या घरातले हेडक्लार्क नामदेवराव म्हणजे तपकिरीचे अट्टल शौकीन. त्यांची शिंक सुटली की शेजारच्या इंदुताईंच्या चुलीवरचं दूध हिंदकळायचं म्हणे. हे नामदेवराव एका उन्हाळ्यात गेले, आणि गेले ते नेमके पंचकात. भटजींनी पंचांग उघडलं, मान हलवली आणि सांगितलं की नक्षत्र वाईट आहे, शांत करा आणि घरही सोडा. बायको पोरांना घेऊन परभणीला माहेरी गेली. पुढे राज्याचे तुकडे झाले, परभणी मुंबईकडे गेली, हैदराबाद आंध्राकडे राहिलं, तेव्हा ती बाई काही परतली नाही. घराला कुलूप लागलं. आणि वारा सुटला की कुलूपबंद घरातून शिंक यायची.

या घरात विमलाबाई सोनकांबळे राहायला आल्या त्या सगळं ठाऊक असून.

विमलाबाईंचे यजमान सूर्यभान म्हणजे सरकारी कचेरीतले कारकून. राज्य वाटलं गेलं तेव्हा मराठी नोकरमाणसांना विचारलं होतं, औरंगाबादेला जाता की इथेच राहता. निम्मी कचेरी सामान बांधून गेली. सूर्यभान राहिले. औरंगाबादेपासून गाव जवळ, आणि गाव जवळ आलं की गावकीही जवळ येते. कारकुनाचा कोट अंगावर असताना पाटलाच्या दारात चपला हातात घेऊन उभं राहायची त्यांची तयारी नव्हती. त्याच दसऱ्याला ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. घरातले देव गेले, बुद्धाची तसबीर आली, बाबासाहेबांचा फोटो तर आधीपासूनच होता. विमलाबाईंनी जुने टाक पोत्यात बांधताना डोळे पुसले हे खरं, पण बांधले.

त्याआधी ही मंडळी अंबरपेठेत भाड्याच्या खोलीत होती. मालकीण मुसलमान, एका बाजूला तेलुगू सुतार, दुसऱ्या बाजूला टांगेवाला, वर एक मारवाडी जोडपं, आणि नळावर सगळ्यांची एकच झुंबड. भांडणं व्हायची ती घागरीवरून व्हायची. कुणी कुणाची जात काढायचा तर जपून काढायचा, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्याच घागरीमागे आपली घागर लावायची असे. मग सरकारने नवी घरं बांधायला घेतली. सरकारच्या मनात वाईट काही नव्हतं हो. सरकारने फक्त नकाशा काढला. पुढची ओळ रस्त्याकडे, घराघरात नळ. आणि नाल्यापलीकडे, मागे, एक वेगळी ओळ, एक सार्वजनिक नळ, खास ‘यांच्या’ लोकांसाठी राखीव. सवलतीचं भाडं, कोनशिला, मंत्र्यांचा हार, सगळं रीतसर. ज्या माणसांना मालकिणीने एकाच भिंतीआड नांदवलं होतं, त्यांना सरकारने डाळी निवडाव्या तसं निवडून वेगवेगळ्या डब्यांत भरलं.

पण मागची ओळ पुरी व्हायला वेळ होता आणि मुंबईकडे गेलेल्या लोकांची पुढची घरं रिकामी पडली होती. घरवाटपाचं काम बघायचे भगवंतराव, बिदरकडच्या शेतकरी घरातले, जाडजूड, मायाळू. वरून तपासणी येणार म्हणून त्यांनी बाकीची घरं भराभर भरली, पण हे एक शिंकणारं घर कुणी घेईना. कर्नूलहून आलेल्या तेलुगू बाबूंनीसुद्धा शेजारीपाजारी विचारून नकार दिला. तेव्हा भगवंतरावांना सूर्यभान आठवले. तुम्ही आता असलं काही मानत नाही ना, मग बघा, म्हणाले. तात्पुरतं हं, तुमची ओळ तयार झाली की तिकडे जायचं.

तात्पुरतं तर तात्पुरतं. विमलाबाईंनी पहिल्याच दिवशी शिंकेचा छडा लावला. मागच्या खोलीतल्या खिडकीची बिजागरी गंजली होती. वारा आला की झडप आधी बारीक ‘आ, आ’ करत मागे जायची आणि मग ‘छी’ करून चौकटीवर आपटायची. त्यांनी तिला करडईचं तेल पाजलं आणि नामदेवराव गप्प झाले. इंदुताई मात्र हिरमुसल्या. त्यांनी वर्षभर त्या शिंकेवर किती पाहुण्यांना गप्पा सांगितल्या होत्या.

या इंदुताई म्हणजे तोंडाने फटकळ, पायाने भिंगरी. दिवसातून दोनदा यायच्या, चहा प्यायच्या, चहात साखर कमी आहे म्हणून सांगायच्या. बौद्ध म्हणजे काय, असं त्यांनी एकदा विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच म्हणाल्या, असू दे, बुद्ध म्हणजे आपल्या विष्णूचाच अवतार की. सूर्यभान आतून खाकरले, पण विमलाबाईंनी डोळ्यांनीच दटावलं. शेजार चांगला होता, हे खोटं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र इंदुताई बोलवायचं विसरल्या आणि विमलाबाई ते विसरल्या नाहीत.

सूर्यभानांनी दाराला नावाची पाटी लावली नव्हती. हौसेने रंगवून आणली होती, ‘सूर्यभान भिवाजी सोनकांबळे’, पांढऱ्यावर निळी अक्षरं. पण ती ज्वारीच्या डब्यामागे पडून होती. लावू, काय घाई आहे, म्हणायचे. विमलाबाईंना कळायचं की घाई कशाची नाही ते.

वर्ष बरं गेलं. लेक सखू समोरच्याच शाळेत जायची, घंटा झाली, रस्ता ओलांडला की वर्गात. घरातला नळ सकाळी सोडला की विमलाबाई नुसतं बघत उभ्या राहायच्या. लहानपणी विहिरीवर दुसऱ्याने ओंजळीत पाणी घालायची वाट बघत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता स्वतःच्या हाताने तोटी फिरवायची आणि धो धो पाणी. या सुखाची त्यांना सवय होईना, आणि होऊ नये असंही वाटायचं.

आणि मग मागची ओळ तयार झाली.

भगवंतराव स्वतः सांगायला आले, खुर्चीत टेकले, घाम पुसला. म्हणाले, तिकडे तुमचीच माणसं आहेत, मन रमेल, भाडं कमी. विमलाबाई दाराआडून म्हणाल्या की पावसात नाला भरला की तिकडची पोरं शाळेत कशी येणार? भगवंतराव म्हणाले, पूल होणार आहे, मंजूर आहे. हे घर मागायला आता एक गिऱ्हाईकही होतं. एकनाथराव म्हणून साहेब होते, उदगीरकडचे, चिक्कडपल्लीत दोन खोल्यांत सासू-सुनेच्या कटकटीत अडकलेले. घर वर्षभर शिंकलं नाही ही बातमी तिकडे पोचली होती. रविवारी त्यांच्या सौभाग्यवती पद्मावतीबाई बघायला येणार होत्या.

म्हणजे बघा गंमत. घरात भूत होतं तोवर घर सोनकांबळ्यांचं. विमलाबाईंनी भूत घालवलं, तर घरातून त्यांनाच जायची पाळी.

इंदुताईंना हा अन्याय मुळीच सहन झाला नाही. त्या पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, विमलाबाई, तुम्ही अगदीच भोळ्या. ते तेल पुसा की त्या खिडकीचं. रविवारी बाई आल्या की नामदेवरावांना एकदा शिंकू द्या, बाकीचं मी बघते. सरळ सांगते, मी रात्री त्यांना धोतर वाळत घालताना बघते म्हणून.

विमलाबाई हसल्या. दुपारभर हसल्या. मग चुलीतली राख घेऊन मागच्या खोलीत गेल्या आणि बिजागरी खसाखसा घासली. संध्याकाळी वारा सुटला तशी झडप मागे गेली आणि नामदेवराव दणदणीत शिंकले. सखू टाळ्या पिटू लागली. विमलाबाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

सूर्यभान दारातच उभे होते. कचेरीतून आलेले, टोपी हातात. त्यांनी खिडकीकडे बघितलं, बायकोच्या हातावरची राख बघितली आणि सगळं समजले. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. नुसते खाली बसले.

“विमल, ज्या भुताखेतांतून एवढ्या कष्टाने बाहेर पडलो, त्यांच्याच आडोशाला लपून राहायचं का आता?”

विमलाबाईंना राग आला. सार्वजनिक नळावरून पाणी यांना आणायचं नव्हतं, पोरीला खांद्यावर बसवून नाला यांना ओलांडायचा नव्हता. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं, बरंच बोलल्या, रवा करपला. सूर्यभानांनी करपलेला शिरा मुकाट्याने खाल्ला. त्यांचं ते मुकाट्याने खाणंच विमलाबाईंना बोचलं. रविवारी सकाळी उठून त्यांनी तेलाची वाटी घेतली आणि बिजागरीला पुन्हा पाजलं. पाजताना दोन शिव्या दिल्या, एक खिडकीला आणि एक कुणाला ते सांगत नाही. सूर्यभान पुस्तक काखेत मारून बाहेर पडले होते. घर दाखवायचं काम त्यांना बघवणार नव्हतं.

पद्मावतीबाई रिक्षाने आल्या. तिशीच्या, गोऱ्या, मोकळ्या स्वभावाच्या. आल्या तशा घरभर फिरल्या. नळ सोडून बघितला आणि अय्या म्हणाल्या. मागच्या खोलीत गेल्यावर मात्र त्यांनी आवाज बारीक केला आणि विचारलं की ते शिंकेचं खरं का?

इंदुताई कुंपणापाशी कपडे झटकत होत्या. तेच ओलं पातळ त्या किती वेळ झटकत होत्या. विमलाबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा बुद्धाच्या तसबिरीकडे, आणि झडप हाताने मागेपुढे केली. चकार आवाज आला नाही.

“बिजागरी गंजली होती, बाई. भूतबीत काही नाही. वर्ष झालं आम्ही राहतोय, पोरीला साधी सर्दी झाली नाही.”

पद्मावतीबाईंचा चेहरा खुलला. त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. विमलाबाईंनी चहा केला, साखर सढळ हाताने घातली. हरायचंच तर पाहुणचार करून हरावं. पद्मावतीबाईंनी चहाची तारीफ केली, सासूबाईंच्या तक्रारी सांगितल्या, विमलाबाईंच्या फोडणीचा वास कसा अगदी माहेरासारखा येतो तेही सांगितलं. विमलाबाईंना ती बाई आवडायला लागली होती. घर जायचं तर हिच्याकडे जावं, असंसुद्धा वाटून गेलं. अर्धा कप संपला आणि मग पद्मावतीबाईंनी विचारलं ते आपल्याकडे कुणीही विचारतं. गाव कुठलं तुमचं? आडनाव काय?

विमलाबाईंनी गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. आणि विचारलं नव्हतं तरी, आम्ही बौद्ध, हेही सांगितलं.

पद्मावतीबाई वाईट काही बोलल्या नाहीत. कप अलगद खाली ठेवला, बशीवर नाही, जमिनीवर. चहा छान होता म्हणाल्या. मग त्यांना एकदम उशीर झाला. जाताना त्यांनी उंबरा ओलांडला तो लुगडं वर धरून, चौकटीला अंग न लावता. येताना याच चौकटीला त्या रेलून उभ्या होत्या.

इंदुताई धावत आल्या, काय झालं, आवडलं का घर, विचारत. मग त्यांनी जमिनीवरचा कप बघितला. तो उचलला, मोरीवर नेऊन घासला आणि पालथा घातला. एवढं करून त्या खाली मान घालून निघून गेल्या. त्या दिवशी चहा प्यायला थांबल्या नाहीत.

मंगळवारी भगवंतराव आले. बसले नाहीत. एकनाथरावांनी घर नको म्हणून सांगितल्याचं कळवलं. आता ते दुसरं काहीतरी बघतील, आणि तसं बघता आता हे घर दुसरं कुणी मागेल असंही वाटत नाही, तेव्हा राहा तुम्ही. विमलाबाईंनी विचारलं, नक्षत्राला भ्यायल्या का बाई? भगवंतराव भला माणूस. त्यांना खोटं बोलता येईना आणि खरं बोलवेना.

“नक्षत्राची शांत करता येते हो, वहिनी,” ते म्हणाले, “पण…” आणि पुढचं राहूनच गेलं. छत्री विसरून गेले ते.

संध्याकाळी सूर्यभान आले. घर राहिल्याची बातमी त्यांना कचेरीतच कळली होती, पण आनंद कसा तो दिसत नव्हता. त्यांना वाटलं, बायकोने शेवटी शिंक सोडलीच. चपला काढायच्या आधी ते मागच्या खोलीत गेले आणि झडप हलवून बघितली. ती तेलात मऊ फिरली. ते गोंधळून बाहेर आले.

“मग घाबरली कशाला ती बाई? काय सांगितलंस तू तिला?”

“भुताचं नावसुद्धा काढलं नाही. तिनं आडनाव विचारलं, मी सांगितलं.”

 विमलाबाईंनी नळ बंद केला, हात पदराला पुसले. दोन दिवस धरून ठेवलेलं रडू आता येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि संतापाच्या मागोमाग हसू. त्यांनी ज्वारीचा डबा सरकवला, मागची पाटी काढली, तिच्यावरचं पीठ फुंकलं आणि वरवंट्यासकट नवऱ्याच्या हातात दिली.

“घ्या, ठोका खिळा. एवढं घर राखतं आपलं आडनाव, तर आत कशाला दडवायचं? दारावर लावा.”