दोरी सोडणार नाही

मामाच्या कारखान्यात सूत रंगतं. तिथे त्याला साहेब म्हणायचं असं घरी ठरलंय, आणि डोकं ठिकाणावर असेल तर मी म्हणतेही. दुसरा नियम मात्र मी मनापासून पाळते, कारण तो मामानेच केलाय. यंत्रांच्या वरून एक लाल दोरी जाते. काही वाया जाताना, सांडताना, बिघडताना दिसलं की ज्याला दिसलं त्याने ती ओढायची. सगळी यंत्रं थांबतात. मग सगळ्यांनी जमायचं आणि एखादी छोटी का होईना, सुधारणा करूनच पुन्हा सुरू करायचं. 'कोणी ओढली' असं विचारायचं नाही, 'का ओढली' एवढंच विचारायचं. मामाने हे भिंतीवर स्वतःच्या हाताने रंगवलंय, वाकड्यातिकड्या अक्षरांत.

असं करत करत आम्ही केवढं काय केलं! एका रंगाच्या शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या रंगाच्या पहिल्या धुण्याला वापरू लागलो. उरलेलं गढूळ पाणी वाळू-कोळशाच्या हौदांतून गाळून परत घेऊ लागलो. आमच्याकडे आज कुठलं सूत चाललंय ते लोक पूर्वी मागच्या नाल्याकडे बघून ओळखायचे. तो नाला पाण्याच्या रंगाचा झाला.

मग एक मोठी, घाईची ऑर्डर आली. गाळायला वेळ लागतो, म्हणून मामाने नाल्याकडचा जुना व्हॉल्व्ह उघडला. मी सकाळी मागे गेले तर नाला जांभळाजर्द. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाहुणे येऊन जाऊ देत गं," मामा म्हणाला. "मग बंद करतो. तोवर तोंड उघडू नकोस."

पाहुणे येणार होते ते आमच्या स्वच्छ कारखान्याला बक्षीस द्यायचं की नाही हे ठरवायला! मी तरीही गप्प बसले असते. पण आत आले तर लाल दोरी वर खिळ्याला गुंडाळलेली, कोणाचा हात पोचू नये अशी. नाला पुन्हा स्वच्छ होईल. दोरी एकदा शोभेची झाली की ती कोणीच कधी ओढणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

पाहुणे भिंतीवरची अक्षरं कौतुकाने वाचत होते. मी स्टूल आणलं, चढले, दोरी सोडवली आणि खस्सकन ओढली. घंटा वाजली, यंत्रं थांबली.

"कोणी ओढली?" मामा गरजला.

"मी. आणि मामा, प्रश्न चुकला."

मामा लालबुंद झाला. "सोड ती दोरी आणि घरी जा. उद्यापासून येऊ नकोस."

दोरी ताणलेली असेपर्यंत यंत्रं चालत नाहीत. "जाते की. आधी प्रश्न नीट विचार."

"तुझ्या आईला सांगेन."

"सांग ना. तुझी कानउघाडणी तीच करेल."

हात भरून आला. मी हात बदलला, दोरी सोडली नाही. रंग कालवणाऱ्या काकू पुढे आल्या आणि माझं डगमगणारं स्टूल धरून उभ्या राहिल्या.

मामाने भिंतीकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे. मग पुन्हा भिंतीकडे, आपल्याच अक्षराकडे.

"का ओढलीस?" तो अगदी हळू म्हणाला.

"मागे चल, दाखवते," मी म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. "तुम्हीही या. बूट जांभळे होतील, पण या."