यादीत दुसरं नाव

“आई, कार्ड नीट टेकव ना,” मुलगा खेकसला. अतिदक्षता विभागाच्या दारावरचा दिवा पुन्हा लाल झाला.

“यादीत नाही म्हणतंय,” रखवालदार म्हणाला. “कालही हेच. काकू दिवसभर बाकावर बसून होत्या.”

काल आईने फोन केला तेव्हा मुलाने ऑफिसातून ठणकावलं होतं, “मशीन चुकत नाही. भेटायला येणाऱ्यांच्या यादीतून बाबांनीच तुझं नाव काढलं असेल.” परवाच सुरू झालेल्या या दाराचा प्रोग्राम त्याच्याच हातचा, मग चुकेल कसा? आईलाही ते पटलं, कारण आता आत असलेले बाबा दवाखान्यात यायला घरातून निघाले ते तिच्याशी भांडूनच.

आता काउंटरवर त्याने यादी पाहिली. त्याचं नाव पहिलं, आईचं दुसरं. बाबांनी काहीही काढलं नव्हतं.

तो चडफडत लॅपटॉप घेऊन बाकावर बसला. कार्डाचा नंबर यादीत आहे का, एवढंच तर शोधायचं होतं. पहिला नंबर जुळला तर दार उघडायचं, नाही तर पुढचा बघायचा. सगळी यादी संपली, तरच ‘नाही’ म्हणायचं. या शहाण्याने ‘नाही’ पहिल्याच नंबरापाशी लिहून ठेवलं होतं. तो जुळला नाही की मशीन हात झटकून मोकळं. चाचणी घेतली तीसुद्धा एकच नंबर असलेल्या यादीवर. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं.

त्याने ती ओळ खाली, यादी संपते तिथे नेली. आईने कार्ड टेकवलं. दिवा हिरवा झाला, तरी ती जागची हलली नाही.

“माझं नाव होतं?”

“पहिल्यापासून होतं. चूक माझी.”

“मग काल तसं कशाला बोललास रे?”

त्याने लॅपटॉप मिटला आणि तिच्यासाठी दार धरून ठेवलं.

नर्स दारापाशी आली. “पहाटे घशात नळी घालावी लागली,” ती हळूच म्हणाली. “आता बोलता येणार नाही त्यांना. काल मात्र सारखं विचारत होते, ती आली का म्हणून.”

आई आत गेली, खाटेशी उभी राहिली आणि बाबांच्या कानाशी वाकली.

“मी आले होते हो काल. इथे दारातच होते.”

दार मिटेपर्यंत ती तेच पुन्हा सांगत होती.