अप्पांची मनोऱ्यावरची फेरी

"पासष्टच्या पुढे चालणार नाही, काका," मनोऱ्याच्या फाटकावरची मुलगी म्हणाली, तेव्हा अप्पांनी शर्टाच्या खिशातून आधार कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. पासष्ट पूर्ण व्हायला अजून एकोणीस दिवस होते. लालबागहून निघताना माणूस पाण्याची बाटली विसरला, पण कार्ड नाही विसरला. माझे सासरे दिसतात तेवढे साधे नाहीत.

अप्पा फोर्टातल्या एका जुन्या कचेरीत तेहतीस वर्षं लिफ्टमन होते. लाकडी स्टूल, लोखंडी जाळीचा दरवाजा, सात मजले; मजला आला की लोक उतरायचे, हे आतच. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्याकडे काही म्हणजे काही मागितलं नाही. मग चाळीतल्या लोकांनी बस करून थीम पार्कला जायचं ठरवलं आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने, नूपुरने, त्यांना मोबाइलवर हा मनोरा दाखवला. माणसं खुर्च्यांत बसतात, खुर्च्या वर जातात, टोकाला जरा थांबतात आणि धाडकन खाली. अप्पांनी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. "एकदा ह्याच्यात बसायचंय," म्हणाले. माझ्या नवऱ्याने, स्वप्नीलने, बीपीचा विषय काढला, तर हे आधीच डॉक्टरांना विचारून आलेले.

दीड तास रांगेत काढला. एकदाचं फाटक उघडलं आणि आमचा माणूस लागला कामाला. फाटकाशी एका अंगाला उभे राहून सगळ्यांना आत घेऊ लागले. या, पुढे सरका, घाई नको, पोरांना आधी जाऊ द्या. कुठली कोण कॉलेजची पोरं, तीसुद्धा निमूट सरकली. आम्ही तिघं बसलो. मी हाका मारतेय, पण ऐकतंय कोण? शेवटची बाई आत आल्यावर अप्पांनी फाटक नीट ओढून घेतलं, कडी लावली आणि वळून बघितलं. एकही खुर्ची उरली नव्हती.

त्या मुलीने त्यांना बाहेर काढलं आणि आम्ही वर गेलो. वरून काय दिसलं ते मला विचारू नका. मला खाली कठड्याशी उभे असलेले अप्पाच तेवढे दिसत होते, आणि असा राग आला होता त्यांचा, की रडूच फुटलं.

उतरल्यावर म्हटलं, चला, परत रांग लावू. तर म्हणे राहू दे, सहाला बस सुटते, आपल्यापायी लोकं खोळंबतील. नूपुर बसली ना, झालं. स्वप्नीलही घड्याळ बघायला लागला. मग मात्र माझं डोकं फिरलं. लोकांची सोय बघण्यात ह्या माणसाचा जन्म गेला. स्वप्नीलला सांगितलं, तू जा आणि बस थांबवून धर, कुणी बोललं तर माझं नाव सांग. अप्पांच्या दंडाला धरलं आणि रांगेत उभी राहिले.

शेवटची फेरी मिळाली. फाटक उघडलं तसे अप्पा पुन्हा अंग चोरून बाजूला व्हायला लागले.

"अप्पा, आधी तुम्ही."

"अगं, त्या बाईंबरोबर लहान मूल आहे..."

"असू दे. तुम्ही बसा."

बसले. शेजारी नूपुर. मला जागा मिळाली नाही आणि नकोही होती. दोघांच्या चपला हातात घेऊन मी खाली उभी राहिले. खुर्च्या वर गेल्या, टोकाला थांबल्या. मला तिथून त्यांचे हलणारे पाय तेवढे दिसले. मग सगळं एकदम खाली आलं आणि नूपुरच्या किंकाळीत आमच्या अप्पांचीही किंकाळी होती. ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

छातीवरचे दांडे सुटले. लोक हसत, धडपडत बाहेर पडले. अप्पा मात्र हात मांडीवर ठेवून, जाणाऱ्यांकडे बघत बसून राहिले. खुर्च्या रिकाम्या झाल्या तरी हलेनात.

"काका, उतरा," ती मुलगी म्हणाली.

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. "मी पण?"

"हो काका, तुम्ही पण."

मग ते उठले, नूपुरचा हात धरला आणि चार लोकांसारखे बाहेर आले.