पंधराव्या डब्यातलं स्टेशन

मित्रांनो, माझा पत्र्याचा डबा उघडलात की आंबलेल्या लोणच्यासारखा वास येईल. नाक मुरडू नका. तो वास माझ्या म्हातारपणाचा आहे. मी एका सिनेमाची जुनी पट्टी आहे. पूर्ण सिनेमा नव्हे. पूर्ण सिनेमाच्या आम्ही पंधरा बहिणी, पंधरा डब्यांत गुंडाळलेल्या, आणि त्यांतली मी शेवटची. शेंडेफळाचे लाड होतात म्हणे. माझे झाले नाहीत. का झाले नाहीत ते सांगते, आणि जरा घाईनं सांगते, कारण माझे फार दिवस उरलेले नाहीत.

माझा जन्म १९८१ सालचा, मुंबईतला. त्याच वर्षी आपला जालना जिल्हाही वेगळा झाला, म्हणून मी त्याला माझ्या बरोबरीचा समजते. औषधांच्या टाक्यांत बुचकळून, वाळवून आम्हाला गुंडाळलं गेलं. सिनेमाचं नाव होतं 'नीली गिटार'. १९६४ सालच्या चार कॉलेजच्या पोरांची ती गोष्ट. चौघं मिळून बँड काढतात. लग्नाचा बँड नव्हे हं, गिटार आणि ड्रमचा. अरुंद विजारी घालतात, केस कपाळावर सोडतात, गाणी म्हणून सगळ्या शहराला वेड लावतात. आणि शेवटी, म्हणजे माझ्या वाट्याच्या दहा मिनिटांत, त्यांचं फाटतं. रेल्वे स्टेशनवर ते एकमेकांचा निरोप घेतात. निळी गिटार पेटीत जाते आणि एक हमाल ती पेटी गाडीत चढवतो.

तो हमाल म्हणजे वडीगोद्रीचा बद्रीनाथ. वीस वर्षांचा, काम शोधायला मुंबईला गेलेला, गर्दीत उभं राहायला रोजावर घेतलेला. त्याला लाल सदरा दिला आणि सांगितलं, पेटी ठेव आणि वळून बघ. बद्रीनाथ वळला आणि हसला. हसायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सात सेकंद तो माझ्या अंगावर आहे. सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे एकशे अडुसष्ट वेळा बद्रीनाथ.

त्यानं गावी आईला पत्र लिहिलं. आई झुंबरबाई, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी, अक्षरओळख नसलेली. पत्र वाचून दाखवलं साहेबराव टेलरनं. "आई, मी 'नीली गिटार' पिच्चरमधी आलो. एकदम शेवटी, ठेसनावर. फोटो धाडत न्हाई, पिच्चरमधीच बघ. पडद्यावर घराएवढा दिसतो." झुंबरबाईनं ते पत्र त्याच्याकडून चार वेळा वाचून घेतलं म्हणतात. पावसाळ्यात दुसरं पत्र आलं, ते बद्रीनाथच्या खोलीतल्या सोबत्यांचं. कावीळ झाली आणि दहा दिवसांत पोरगा गेला. अंत्यविधीही त्यांनीच उरकला होता.

मित्रांनो, त्या घरात बद्रीनाथचा एकही फोटो नव्हता. त्याचं तोंड पुन्हा पाहायचं तर जगात एकच जागा होती, आणि ती माझ्यापाशी होती.

शहरात 'नीली गिटार' सपाटून आपटला. मग आम्हा पंधरा जणींना अंबडच्या काकासाहेबांनी उचललं. त्यांचं फिरतं टॉकीज होतं. एक तंबू, एक मशीन, एक ट्रक, आणि मशीन चालवायला कचरू नावाचा शांत माणूस. पहिला खेळ मंठ्याला झाला. चौदावीच्या गाण्यावर लोक उभे राहून नाचले. मग मी लागले. चौघांचं भांडण झालं, स्टेशन आलं, आणि तंबूत एकदम ओरड उठली. "फोडलं की रे पोरांना! आमी इथं रडायला आलो का?" ढेकळं आली, पडदा टराटरा फाटला, तंबूचा एक खांब कलला. बद्रीनाथ हसला तेव्हा पडद्याचा खालचा कोपरा लोंबत होता. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब कचरूला म्हणाले, "शेवट काढून टाक. गाण्यावर संपव."

"मालक, मंग गोष्ट अर्धी राहती."

"राहू दे. तंबू तर पुरा राहतो ना?"

कचरूनं कात्री घेतली. 'समाप्त' ही अक्षरं माझ्या शेपटाला होती. ती त्यानं कापली आणि चौदावीच्या शेपटाला चिकटवली. कात्री बद्रीनाथपासून चार बोटांवरून गेली. मला डब्यात घालून झाकण दाबलं, आणि तो डबा मशीनशेजारी बसायच्या पाटाखाली टेकू म्हणून सरकवला. चौदावी त्या दिवसापासून भलतीच मिजाशीत वागायला लागली. मला तिचा राग येतो, अजूनही येतो, लपवून काय करू?

त्यानंतर मात्र 'नीली गिटार'नं आमच्या भागात कमाल केली. वडीगोद्रीत तर त्याचे भक्तच तयार झाले. साहेबराव टेलर त्यांचा म्होरक्या. त्यानं गावातल्या तरण्या पोरांना अरुंद विजारी शिवून दिल्या. त्या घालून खाली बसता येत नसे, म्हणून पोरं पारावर उभीच असत. न्हाव्याकडे 'गिटार कट' निघाला. पट्टी मधेच तुटली तर कचरू जोडेपर्यंत हीच मंडळी अंधारात गाणं पुढं चालवत, आणि पडदा पुन्हा उजळला की बरोबर त्याच ओळीवर असत. मला एका गोष्टीचं हसू येई. चौसष्ट साली वडीगोद्रीत गिटार कुणी पाहिली होती? तरी ही माणसं डोळे पुसून म्हणत, "काय दिवस होते राव ते!" जे दिवस त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते, त्यांच्यासाठी त्यांचा जीव तुटे. त्या प्रेमात खोट नव्हती. म्हणूनच पुढचं सांगताना मला त्रास होतो.

वडीगोद्रीच्या पहिल्याच खेळाला साहेबराव झुंबरबाईला सोबत घेऊन आला होता. ती बायकांच्या बाजूला, कनातीला लागून बसली. गाण्यांत तिला गोडी नव्हती. मधूनमधून ती शेजारणीला विचारत होती, "ठेसन आलं का?" गाणं संपलं, 'समाप्त' उमटलं, लोक उठले. ती उठली नाही. मी तिच्यापासून वीस पावलांवर, पाटाखाली होते.

काकासाहेब दारात उभे होते. तिनं त्यांना गाठलं. "मालक, ठेसन ऱ्हायलं. मव्हा पोरगा हाये त्यात."

काकासाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मंठ्याचा फाटका पडदा त्यांनी नुकताच शिवून आणला होता. "बाई, या पिच्चरमधी ठेसन न्हाईच," ते म्हणाले.

साहेबराव खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण त्यानं पाहिलं तेच त्याला खरं वाटलं. पुढं त्यानं हा सिनेमा चाळीस वेळा पाहिला आणि चाळीस वेळा छातीवर हात ठेवून गावाला सांगितलं, "आपल्याला समदा पिच्चर तोंडपाठ हाये. बद्र्यानं आईला थाप मारली." बघता बघता गावात म्हणच पडली. कुणी फुशारकी मारली, की दुसरा म्हणे, "बस कर, बद्र्याचं ठेसन नको सांगू." पोरंसोरंही म्हणायला लागली. पाण्याच्या नळावर, बाजारात, झुंबरबाईच्या कानावर ते पडे. पोरगा गेला तो गेलाच, वर खोटारडा ठरला.

तरीही ती येत राहिली. जांब समर्थला रामनवमीच्या यात्रेत आमचा तंबू लागे. दरसाल ती तिथं येई, पहिल्यापासून शेवटपर्यंत बसे आणि रिकाम्या हातानं परत जाई. मी डब्यातून किती ओरडले असेन! पण पट्टीला आवाज मशीनवर चढल्याशिवाय फुटत नाही, आणि मला चढवणारं कुणी नव्हतं.

१९८९ च्या यात्रेत ती थेट कचरूपाशी आली. दुपारची वेळ, तो मशीनला तेल घालत होता. ती म्हणाली, "दादा, तू समदे डबे लावतो. तुला म्हाईत असंल. मला आता त्याचं तोंड आठवंना झालंय. डोळे मिटले की नुसता सदरा दिसतो, वर तोंडच न्हाई. एकडाव सांग, पोरगं खोटं बोललं का?"

कचरूचा हात खाली आला. पाटाखालच्या माझ्या डब्यावर तो टेकला. त्याची बोटं झाकणाच्या कडेला लागलेली मला कळली. मित्रांनो, पत्र्यातून माणसाच्या हाताची ऊब येते. मी म्हटलं, उघड. एकदाच उघड. रिकाम्या तंबूत दहा मिनिटं लाव, कोण ढेकळं मारणार आहे?

तेवढ्यात काकासाहेब आत आले. "कचरू, डबा उघडला तर उद्यापासून यायचं न्हाई," ते हळूच म्हणाले.

हात निघून गेला. "मला काय म्हाईत न्हाई, मावशी," कचरू म्हणाला आणि मशीन पुसत राहिला. ती गेल्यावर तो बराच वेळ तीच एक जागा पुसत होता. मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पुढं गावोगाव केबल आली. माणसं घरात बसून सिनेमे बघायला लागली. तंबू विरला, ट्रक विकला गेला, आणि आम्ही पंधरा जणी अंबडला काकासाहेबांच्या कडब्याच्या माळ्यावर जाऊन पडलो. छपराचा पत्रा उन्हाळ्यात तापे आणि पावसाळ्यात गळे. माझे रंग उडाले, सगळं लालसर झालं. अंग आखडलं, कडा वाकड्या झाल्या. त्यात हा आंबूस वास सुरू झाला. हा वास म्हणजे आमचं दुखणं. एकदा लागलं की चित्रं विरघळेपर्यंत सोडत नाही. मला स्वतःचं फारसं काही वाटत नव्हतं. पण माझ्या अंगावरचे एकशे अडुसष्ट बद्रीनाथ रोज थोडे थोडे झडत होते, आणि मी काहीच करू शकत नव्हते.

२००४ साली काकासाहेब वारले. त्यांच्या मुलानं माळा रिकामा करायला काढला. ही बातमी साहेबरावला लागली. केस पांढरे झाले होते, पण ते अजून कपाळावरच सोडलेले. 'नीली गिटार'ची आठवण म्हणून एखादा डबा मिळाला तर बघावा, म्हणून तो एस.टी.नं आला. डबे मोजायला बसला. चौदा झाले. मग पंधरावा हाती आला. तो हसला, म्हणाला, "ह्यो कोणत्या दुसऱ्याच पिच्चरचा दिसतो."

झाकण गंजलं होतं. त्यानं दगडानं ठोकून ते उघडलं, माझं टोक धरलं आणि उन्हात वर केलं. टोक शेवटाकडचंच होतं, कारण कचरूनं मला मंठ्याहून उलटवून गुंडाळलंच नव्हतं. साहेबरावनं चष्मा पुसला. पुन्हा वर केलं. मग तो तिथंच कडब्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंडात मारून घ्यायला लागला.

दुपारी आम्ही वडीगोद्रीला पोचलो. झुंबरबाई उंबऱ्यात बसली होती. "कोन हाये?" तिनं विचारलं. साहेबराव तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"मी साहेबराव. झुंबरमावशी, ठेसन हाये. बद्री हाये त्यात. मीच... मीच आंधळा होतो."

तिनं हात पुढं केला. त्यानं माझं टोक तिच्या हातात दिलं. तिनं मला डोळ्यांजवळ नेलं, उन्हाकडे वळवलं, पुन्हा जवळ नेलं. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे चार वर्षांपूर्वीच गेले होते. पडद्यावर घराएवढा दिसणारा पोरगा आता माझ्यावर नखाएवढा होता, आणि तिला तेवढाही दिसत नव्हता. माझ्या अंगावरून तिचं बोट फिरत राहिलं. बोटाला काय लागणार? आम्ही गुळगुळीत असतो.

"तू बघ," ती शेवटी म्हणाली, "अन् मला सांग."

साहेबरावनं मला उन्हात धरलं. "लाल सदरा हाये. पेटी गाडीत ठेवून वळलाय. बाही जरा आखूड झाल्ती त्याला."

"सदऱ्याचं नको सांगू. सदरा मला दिसतो. तोंडाचं सांग."

"कपाळ लहान. भुवया दाट, मधी जुळलेल्या. कान बाहीर आलेले." तो अडखळला. "हसून राह्यलाय, मावशी. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो."

झुंबरबाईचा हात तिच्या तोंडावर गेला. "हां," ती म्हणाली. "हां. त्योच. लहानपनी पडला व्हता उखळावर. हां, आलं, आलं तोंड." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, आंधळे डोळे उघडे ठेवून. "पुढं?"

"पुढं पेटीकडं बघतो. मंग संपलं. तिथं कापलंय."

"पुन्ना सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. पाच वेळा सांगितलं. असा शेवट नाहीच म्हणणारा माणूस दुपारभर शेवटच सांगत बसला होता. मग ती म्हणाली, "आता उठ. पारावर जा. गावाला दाव. त्यायला डोळे हायेत."

तो गेला. मला पारावर धरून उभा राहिला. एकेक जण आला, चष्मे लावून, डोळे किलकिले करून बघून गेला. बघून झालेली माणसं खाली मान घालून तिच्या उंबऱ्यासमोरून घरी गेली, आणि ती प्रत्येक पावलाला विचारत होती, "बघितलं का? हाये ना?"

मित्रांनो, तुम्ही एखाद्या सिनेमावर, गाण्यावर, माणसावर जरूर जीव लावा. पण आपल्याला आवडतं तेवढंच खरं, असं छातीवर हात ठेवून कुणाच्या आईला सांगू नका. आधी सगळे डबे उघडून बघा. घरात कुणाचे फोटो, पत्रं, आवाज अडगळीत पडले असतील, तर आज उतरवा. कचरूनं डब्यावर हात ठेवला तेव्हा झुंबरबाई बघू शकत होती. पंधरा वर्षं उशीर झाला आणि तिला साहेबरावच्या डोळ्यांनी बघावं लागलं. उन्हात जेवढा वेळ धराल तेवढी मी लवकर झडेन, ते मला ठाऊक आहे. तरी तिच्या दारात मला रोज धरा.