साठ दिवसांची मुदत

लक्ष्मण पोस्टमनने वही उघडून योगराजसमोर धरली आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"हे बघा. दिल्लीचं रजिस्टर पत्र. अकरा दिवस झाले घरी देऊन. उगाच माझ्यावर आळ घेऊ नका, योगराजभाई."

ओळीच्या शेवटी त्याच्या बायकोची, हर्षदाची सही होती.

कॅनडाला अर्ज पाठवून तीन वर्षं झाली होती. आयटीआयची सर्टिफिकेटं, सचिन गावच्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसमध्ये मशीन दुरुस्तीच्या बारा वर्षांच्या अनुभवाचं पत्र, सगळं दिल्लीच्या व्हिसा ऑफिसात पडून होतं. सत्त्याण्णव साल उजाडलं तरी 'अर्ज विचाराधीन आहे' यापलीकडे उत्तर नव्हतं. वाट पाहून पाहून योगराजच्या मनाला शंका घ्यायची सवयच लागली. आधी वाटलं, मिलच्या ऑफिसातल्या पंडितने दिल्लीहून आलेल्या चौकशीच्या फोनवर काही वाकडं सांगितलं असणार. मग समोरच्या खोलीतल्या सुकदेवने पत्र दाबलं असणार. आईवरही संशय येऊन गेला. तिला तो जायला नकोच होता. बायकोचं नाव मात्र कधी मनात आलं नव्हतं.

लिंबायतच्या घरी त्याची आई शोभाबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. त्याला पाहताच तिने पत्राचं विचारलं.

"तुना कागद उना का रे?"

"नही, माय."

आत हर्षदा कणीक मळत होती. त्याने चपला काढता काढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "टपाल काही?"

"नाही."

तिने वर पाहिलं नाही. कणीक केव्हाच मळून झाली होती, तरी ती मळतच राहिली.

वहीतल्या सहीचं विचारलं असतं तर तिने सावरून घेतलं असतं. तो नुसतं तिच्यावर लक्ष ठेवू लागला. ती जेवताना दोन घासांत उठायची. बुधवारी म्हणाली, "शुक्रवारी उधन्याला उषामावशीकडे जाऊन येते." उषामावशी तर महिनाभरासाठी धुळ्याला गेली होती, हे त्याला आईकडून कळलं होतं. हिने दिल्लीला परस्पर नकार कळवला की काय? आणि उधन्यात हिचं काम काय?

गुरुवारी तो अर्धी रजा टाकून घरी आला. आई देवळात गेली होती, हर्षदा नळावर. त्याने तिची ट्रंक उघडली. लग्नाच्या शालूखाली पाकीट होतं.

साठ दिवसांत सगळ्या कुटुंबाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, असं पत्रात होतं. छातीचा एक्स-रेही काढायचा होता. खाली एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती: पत्नी गरोदर असल्यास एक्स-रे बाळंतपणानंतर काढता येईल, तोवर अर्जावर निर्णय होणार नाही. पत्राला उधन्याच्या प्रसूतिगृहाची चिठ्ठी टाचलेली होती. हर्षदाचं नाव. आठ आठवडे. गर्भपातासाठी शुक्रवारी सकाळी दहा, उपाशीपोटी येणे.

तो चिठ्ठी हातात धरून खाली बसला.

हर्षदा हंडा घेऊन आत आली, उघडी ट्रंक पाहून थबकली. मग तिने हंडा नीट जागेवर ठेवला.

"सांगितलं का नाहीस?"

"तीन वर्षं तुम्हाला पोस्टमनची वाट बघताना बघतेय," ती म्हणाली. "आता आणखी वर्षभर थांबा, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

त्याने चिठ्ठी घडी करून बाजूला ठेवली. मग त्याने विचारलं, "तुला काय हवंय?"

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा प्रश्न खरा की वरवरचा, ते जणू पारखून घेत होती.

"मूल हवंय. कॅनडाचं मला अजून ठरवता येत नाही."

शुक्रवारी दहा वाजता दोघं स्टेशन रोडवरच्या बळीराम टायपिस्टसमोर बसली होती. आजवरची सगळी स्मरणपत्रं त्यानेच टाइप केली होती. त्याने कागद चढवला.

"नेहमीचंच ना? लवकर निर्णय द्यावा, ही विनंती?"

"नाही," योगराज म्हणाला. "घरात बाळ येणार आहे. बाळंतपण होईपर्यंत थांबावं, असं लिहा."

बळीरामने चष्म्यावरून एकदा दोघांकडे पाहिलं आणि टाइप करायला घेतलं.

कागद निघाला. योगराजने सही केली, घडी घातली आणि तो पाकिटात सरकवणार, तेवढ्यात हर्षदाने हात पुढे केला.

"द्या इकडे."

तिने घडी उलगडली, एकेका ओळीखाली बोट धरून पत्र शेवटपर्यंत वाचलं, आणि मगच पाकीट स्वतःच्या हाताने चिकटवलं.