नऊच नखांना

आमची सून रश्मी मासळी साफ करतानाही नखं रंगवून बसते. बोललं की नुसती हसते. दहा दिवसांमागं डाव्या हाताच्या तर्जनीचा रंग उडाला, तर खाली मुळापासून टोकापर्यंत काळी रेघ.

"मतदानाची शाई हाय ती, आई."

मतदान होऊन वर्ष झालं. माझी शाई नखाबरोबर वर सरकली आणि कापली गेली. हिची तर मुळातूनच येत होती. माझी भावजय मनुबाई, तिच्या अंगठ्यालाही अशीच रेघ होती. कॅन्सरनं गेली ती.

तसंच हिला अलिबागला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नखाखालचा तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवस मला घास गिळवला नाही.

काल रिपोर्ट आला. बारीक गाठ आहे, क्वचितच कुणाला होते, कॅन्सर नाही. पण रेघ रुंदावली तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं.

बाहेर आल्यावर रश्मी हळूच म्हणाली, "शाई न्हाय हे मला ठाऊक होतं, आई. भीतीनं झाकत होते."

"भ्यायचं तर माझ्यासमोर भ्यायचं. रंग लाव खुशाल, पण नऊच नखांना. दहावं मला रोज दिसलं पायजे."